रविवारची दाढी

खरं सांगते, माझ्या पोटात दुखायचं ते आकाराम भावजींच्या हातावरनं. दुसऱ्या बाईवरनं दुखलं असतं तर चार बायकांत सांगता तरी आलं असतं. नवऱ्याच्या म्हाताऱ्या दोस्तावर जळते म्हणून कुणाला सांगायचं? लोक हसतील की.

आमचं मालक, बाळासो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तेहतीस वर्षं हुते. वाळू मळायच्या मशीनवर. लोखंड ओतायला साचा करतात, त्याची काळी वाळू ह्यांच्या हातनं जायची. रिटायर झाले, दोन वर्षं कदमवाडीतल्या घरात मजेत काढली, आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डोकं शाबूत हाय, सगळं कळतंय, डावा हात चालतोय, पण तोंडातनं शब्द फुटत न्हाय. लेक क्रांती इचलकरंजीला दिलीया, ती महिन्यातनं दोनदा येऊन जाते. बाकी सगळं मीच बघते. आंघोळ, जेवण, गोळ्या, मालिश, लेंग्याची नाडी. आणि दाढी.

दाढीचं तर मला काडीचंबी ठावं न्हवतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण ह्यास्नी दाढी करताना मी कधी बघितलंच न्हवतं. कामावरनं घरला यायचे ते गुळगुळीत होऊनच. रिटायर झाल्यावर नाक्यावरच्या सलूनात जायचे. मला वाटायचं, कामावरनं सुटल्यावरबी सलूनात बसून गप्पा हाणत असतील. त्यावरनं दोन-चार वेळा भांडलेबी. मी इथं जेवायला थांबलीया आणि तुमास्नी गाल घासून घ्यायचं सुचतंय, असं म्हणायची. हे नुसते हसायचे.

तर लकव्यानंतर ह्यांच्या गालावर रेझर मीच धरला. ट्यूबमधली क्रीम बोटानं फासायची, रेझर ओढायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, झालं. दिवसाआड हे चालायचं. हे डोळे मिटून गप बसायचे, दातांच्या डॉक्टरकडं बसल्यागत. मला त्याचं काय वाटायचं न्हाय. दाढी म्हंजे काय सण हाय का?

मग आकाराम भावजी यायला लागले.

भावजी हातकणंगल्याचे. ह्यांच्या संगं फाउंड्रीत, त्याच पाळीला, त्याच मशीनवर. बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरी दोन म्हशी आणि थोरला लेक-सून. दर रविवारी सकाळच्या एसटीनं यायचे, नऊच्या ठोक्याला दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलची वाटी, ब्रश, दाढीच्या साबणाची गोल वडी आणि क्रीमची ट्यूब. पहिल्याच रविवारी ह्यांचा गाल चाचपला आन् म्हणाले, "काय मर्दा, ही दाढी हाय का उसाचा खोडवा?" म्हंजे माझ्या हातची दाढी, बरं का. मी तिथंच उभी हुते.

आणि मग त्यांनी मांडामांड केली. चाकूनं साबणाच्या वडीचं चार पापुद्रे काढले, वाटीच्या बुडाला अंगठ्यानं दाबून बसवले. त्यावर क्रीम पिळली. ब्रश गरम पाण्यात भिजवून झटकला आणि फिरवायला लागले. मला वाटलं, हे काय येड्यागत, एक तर साबण लावा न्हायतर क्रीम लावा. पण फेस जो वर आला, तो साईच्या दह्यासारका घट्ट. ब्रश उभा केला तर उभाच राहिला. तो फेस ह्यांच्या गालावर चढला आणि हे, आमचं मालक, घशातनं आवाज काढायला लागले. बारीक, लांब. हूं… असा. मांजर मांडीवर आल्यावर काढतं तसा.

अकरा महिने झाले हुते, ह्या माणसानं माझ्यापुढं सुखाचा एक आवाज काढला न्हवता. मी पाठ चोळते, पाय दाबते, आवडीची आंबोळी-चटणी करते, तोंडात घास घालते. हूं न्हाय की चूं न्हाय. आणि ह्यो बाबा आठवड्यातनं एकदा येतोय, गालाला फेस फासतोय, तर ह्यांचा सूर लागतोय. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

तेव्हापासनं रविवार उजाडला की माझं टाळकं फिरायचं. हे सकाळी आठपासनंच खिडकीशी बसायचे. डाव्या हातानं केस सारखं करायचे. शनिवारी मी दाढीला बसवायला लागले की तोंड फिरवायचे, म्हंजे उद्याला राखून ठेवायची. मी भावजींच्या चहात मुद्दाम साखर कमी घालायची. तो माणूस पिऊन म्हणायचा, "वैनी, आज चहा झकास झालाय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग म्हटलं, त्यात काय एवढं? हे मलाबी जमतंय की. मी लांबनं बघायला लागले. साबण किती, क्रीम किती, पाणी किती. पण नेमकं मधी चहाला दूध उतू यायचं आणि मला स्वयंपाकघरात पळावं लागायचं. परत येऊन बघते तर फेस गालावर आणि हूं सुरू. पण जेवढं दिसलं तेवढं डोक्यात ठेवलं. दुकानातनं तीच वडी आणली, तीच ट्यूब आणली, ब्रशबी नवा आणला. आणि एका शनिवारी भावजींना फोन लावला.

"भावजी, उद्या येऊ नगा. ह्यास्नी घेऊन क्रांतीकडं चाललोय, इचलकरंजीला. गाडी ठरवलीया."

"बरं बरं," म्हणाले. "पोरीला बघून त्याला बरं वाटंल. किती वाजता निघताय?"

"नऊला," मी म्हटलं. खोटं बोलायचं म्हटल्यावर वेळ तरी कशाला चुकवायची?

रविवारी सकाळी ह्यास्नी खिडकीपासनं उठवून खुर्चीत बसवलं. म्हटलं, भावजी आज येणार न्हाईत, त्यांचं काम निघालंय. हे माझ्याकडं बघत राहिले. मी वाटी घेतली, पापुद्रे काढले, अंगठ्यानं दाबले, क्रीम पिळली, ब्रश फिरवला. फेस आला की. मला एवढा आनंद झाला, म्हटलं बघा आता, कोण कुणाचं हाय ते. वाटी ह्यांच्या पुढं नेली आणि ब्रश गालाला लावणार, तेवढ्यात ह्यांनी डावा हात उचलला, सरळ वाटीत घातला, मूठभर फेस उचलून दाबला आणि मूठ उघडली. फेस पातळ हुता. बोटांतनं ओघळून लेंग्यावर, खुर्चीवर, माझ्या पदरावर. हे मान हलवत परत हात वाटीत घालायला लागले.

मी त्या हातावर फटका मारला.

जोरात न्हाय, पण मारला. "पोरागत करू नगा," म्हटलं. "तो आला की देवागत बसता, आणि माझ्या वक्ताला घाण करताय व्हय?" ह्यांनी हात मांडीवर घेतला आणि खिडकीकडं तोंड केलं. मी तशाच रागात दाढी केली. हनुवटीखाली कापलं. तुरटी लावली तरी ह्यांनी हूं केलं न्हाय की चूं केलं न्हाय.

दुपारी एक वाजता फोन वाजला. भावजी.

"वैनी, गाडी पुढं गेली का वं? मी फाट्यावरच उभा हाय. म्हटलं इथनंच जाणार तुमी, दोन मिंटं थांबवून बाळासोला बघावं. घरचं दही आणलंय क्रांतीला."

इचलकरंजीला जायचं म्हंजे हातकणंगल्यावरनंच जायचं. जन्म गेला त्या रस्त्यावर, आणि खोटं बोलताना तेवढं डोक्यात आलं न्हाय. तो माणूस नऊपासनं दह्याचं भांडं घेऊन उन्हात उभा हुता.

"आमी… आमी हुपरीवरनं गेलो," मी म्हटलं. "पोचलोबी. जेवण चाललंय."

आणि तेवढ्यात आमच्या गल्लीत भाजीवाल्याचा टेम्पो शिरला. भोंग्यावर तो रोजचाच आवाज, मेथी घ्या, पोकळा घ्या, ओला वाटाणा घ्या. दर रविवारी भावजी परत जायच्या आधी दुपारचा चहा पीत बसले की हाच भोंगा यायचा, आणि ते त्याची नक्कल करून ह्यास्नी हसवायचे.

मग म्हणाले, "बरं. जेवा वं." आणि ठेवला.

पुढच्या रविवारी भावजी आले न्हाईत. त्याच्या पुढच्याबी न्हाईत. फोनबी न्हाय. हे आठपासनं खिडकीशी बसायचे ते बारापतूर. मी वाटी घेऊन गेले की तोंड फिरवायचे, हात लावू द्यायचे न्हाईत. दाढी वाढली. पांढरे खुंट सगळ्या तोंडभर. जेवायचेबी अर्धंच. क्रांती फोनवर म्हणाली, "आई, पप्पा असं का बसल्यात?" मी म्हटलं, हवा बदलली असंल. दुसरं काय सांगू? तुझ्या आईनं त्यांचा दोस्त तोडला, असं सांगू?

तिसऱ्या सोमवारी शेजारच्या झुंबरबाईला ह्यांच्यापाशी बसवलं आणि हातकणंगल्याची एसटी धरली.

भावजी गोठ्यात म्हशी धूत हुते. मला बघितलं, बादली ठेवली, लुंगीला हात पुसले. "या वैनी. बाळासो बरा हाय न्हवं?" पहिलं तेच विचारलं. मग सुनेला चहा टाकायला सांगितलं. ना राग, ना टोमणा. त्यानं मला जास्तच लागलं.

"भावजी, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "आमी कुठंबी गेलो न्हवतो."

"ठावं हाय की. भोंगा ऐकला मी."

"मग आला का न्हाई?"

"घरवालीला नगं असंल तर कशाला यायचं?" म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाले. "काय चुकलं एवढं कळलं न्हाय बघा."

मग मी सगळं ओकले. म्हटलं, तुमचं काय चुकलं न्हाय. मीच जळते तुमच्यावर. तुमच्या हाताखाली ह्यांचा जो आवाज निघतोय तो माझ्या हाताखाली का निघत न्हाय? मी रात्रंदिवस करते आणि माझ्यापुढं दगडागत बसतात. तुमच्यासारकाच फेस केला तर त्यात हात घालून घाण केली. मी हातावर मारलंबी. मला सांगा, त्या साबणात तुमी घालता तरी काय?

भावजी एकदम थांबले. "हात घातला? मूठ मारून उघडली?"

"व्हय."

"आणि तुमी मारलं?"

मी मान खाली घातली.

"अवो वैनी," भावजी गोठ्याच्या कट्ट्यावर बसले, "तो बघत हुता की. फेस जमलाय का ते. वाळूचं आमचं तसंच असायचं. मशीनमधनं मूठभर घ्यायची, दाबायची, उघडायची. बोटं उठली आणि गोळा फुटला न्हाय तर वाळू जमली. पाणी जास्त झालं तर हाताला चिकटती, कमी झालं तर ढासळती. तेहतीस वर्षं त्याच्या मुठीवर अख्खी फाउंड्री चालली. फेसालाबी त्यानं तेच लावलं. साबण आणि क्रीम मिसळायची अक्कल त्याचीच हाय, माझी न्हवं. नुसता साबण लावला तर भट्टीच्या धगीनं तोंडावरच वाळतोय, आणि नुसती क्रीम खुंटातली काळी पूड धरत न्हाय. म्हणून दोन्ही. मी अजूनबी वाटी त्याच्यापुढं धरतोय. त्यानं मूठ मारून मान हलवल्याबिगर ब्रश लावत न्हाय. तुमी चहाला आत असता."

मी म्हटलं, "पण फाउंड्रीत दाढी कशाला करायची? घरी न्हाणी न्हवती का?"

भावजी माझ्याकडं बघत राहिले. "तुमास्नी ठावं न्हाय?"

"काय?"

"तुमीच म्हणालता म्हणं. क्रांतीच्या बारशाला."

मला काय आठवेना. आणि मग एकदम आठवलं. बारशाच्या दिवशी हे पाळी करून तसेच धावत आले. पाळण्यातनं पोरीला उचललं, गालाला गाल लावला. लेकीच्या गालावर काळा पट्टा उठला आणि ती खुंट टोचून रडायला लागली. मी बाळंतीण, अंगात झोप न्हाय. भरल्या घरात, सगळ्या पावण्यांपुढं ओरडले, आधी ती काळी दाढी काढून या, मग माझ्या पोरीला हात लावा. संध्याकाळपतूर मी विसरूनबी गेले.

"दुसऱ्या दिवशीपासनं," भावजी म्हणाले, "पाळी सुटली की वॉशरूममधी आमी दोघं. आरसा एकच हुता, फुटका. त्याच्यापुढं तोंड घालून उभं राहायचं. मला म्हणायचा, आकाराम, तुबी कर, घरी पोरं असतात. बाकीची बस पकडायला पळायची, आमी मागनं चालत. आणि फेस गालावर चढला की तो ते हूं काढायचा. आता घरला जायचं, म्हणून. ते माझ्यासाठी न्हवतं वं कधी."

चहा आला. मी प्याले का न्हाय, आठवत न्हाय. एवढं मात्र खरं सांगते, त्या गोठ्यातबी मी जळलेच. तो फुटका आरसा एवढी वर्षं ह्या दोघांचा हुता. मी सलूनावरनं भांडत हुते आणि हे हसत हुते. एक शब्द सांगितला न्हाय मला. आणि आता सांगायला शब्द न्हाईत.

निघताना म्हटलं, "रविवारी या."

"बघू," म्हणाले.

मंगळवारी सकाळी ह्यास्नी खुर्चीत बसवलं. वाटी केली, आणि ब्रश बाजूला ठेवून वाटी ह्यांच्या डाव्या हाताखाली धरली. हे वाटीकडं बघेनात, माझ्याकडंच बघायला लागले. मी म्हटलं, "बघा की. जमलाय का सांगा." हात हळूच आला. मूठ दाबली, उघडली. फेस ओघळला. मान हलली, न्हाय. बोट साबणाच्या वडीकडं गेलं. मी आणखी दोन पापुद्रे घातले. परत मूठ. परत न्हाय. क्रीमकडं बोट. लेंगा भिजला, खुर्ची भिजली, माझा पदर भिजला, मी गप बसले. चौथ्या वेळेला मूठ उघडली तर फेसावर पाची बोटं उठलेली हुती, वळणावळणासकट. ह्यांनी ती मला दाखवली आणि मान हलवली. मग गाल पुढं केला.

हूं निघालं. बारीक, लांब, अगदी माझ्या कानाशी. मला लई बरं वाटलं आणि रडूबी आलं, आणि रडत रडतच मी दाढी केली. कुठं कापलं न्हाय. गुरुवारी तिसऱ्याच वेळेला जमलं. शुक्रवारी संध्याकाळी भावजींना फोन करून परत सांगितलं, या म्हणून.

रविवारी नऊच्या ठोक्याला भावजी दारात. ह्यांनी खिडकीतनं बघूनच डावा हात वर केला. भावजी लहान पोरागत हसले. पिशवीतनं वाटी काढली, पापुद्रे काढले, क्रीम पिळली, ब्रश फिरवला, वाटी पुढं धरली. मूठ झाली, मान हलली. आणि भावजी ब्रश गालाला लावणार, तर ह्यांनी तोंड फिरवलं. माझ्याकडं. हात माझ्याकडं केला, ये म्हणून.

भावजींचा ब्रश तिथंच राहिला. फेसाचा एक गोळा त्यांच्या धोतरावर पडला, तो त्यांनी पुसलाबी न्हाय. "वैनीच करूदेत," म्हणाले. "त्यांचा हात बसलाय आता. चांगलं झालं." आणि वाटी माझ्यापुढं धरली. पण तोंड बघितलं त्यांचं, आणि मला कळलं. इतके रविवार मी स्वयंपाकघराच्या दारात जे तोंड घेऊन उभी हुते, तेच हुतं ते. मला तर नाचायला पायजे हुतं. ह्याच्यासाठीच सगळं केलं हुतं मी. पण बारा मैलांवरनं एक माणूस वाटी घेऊन आलाय, त्याच्या घरी त्याचा गाल बघणारं कोण न्हाय, आणि आता ह्यो रस्ताबी मी काढून घ्यायचा?

"मला कुठं जमतंय?" मी म्हटलं. "सकाळधरनं कांदा-लसूण चटणी कुटलीया. हात नुसते भगभगायला लागल्यात. ह्यांच्या डोळ्याला लागलं म्हंजे? तुमीच करा भावजी, रविवारची तुमच्याकडंच असूदे. मी चहा टाकते."

भावजींनी माझ्याकडं बघितलं न बघितल्यासारकं केलं आणि ब्रश उचलला. ह्यांनी मात्र माझ्या हातांकडं नीट बघितलं. चटणी घरात चार दिवसांपूर्वीच झाली हुती, ह्यांच्याच पुढं डबा भरला हुता. अर्धं तोंड हलत न्हाय ह्यांचं, पण उरलेलं अर्धं हसलं. मग गाल भावजींकडं केला.

मी साबणानं स्वच्छ धुतलेले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि आत जाऊन चहात साखर घातली. बरोबर दोन चमचे.